पगार वाढला, दवाखाना गेला

एप्रिल हा पगारवाढीचा महिना. गोदामात, कारखान्यात, खाजगी इस्पितळात, मॉलमध्ये, सिक्युरिटी एजन्सीत काम करणारी आपली मुले-मुली या महिन्याची वर्षभर वाट पाहतात. पाचशे वाढले, सहाशे वाढले. आकडा लहान असला तरी घरात पेढे येतात, आणि यावेत. पण या वाढीच्या पाठोपाठ आणखी एक गोष्ट चोरपावलांनी घरात शिरते आणि ती कळते पेढे संपून पुष्कळ महिने झाल्यावर. आज तिच्याविषयी लिहायचे आहे.

निमित्त झाले एका भगिनीच्या पत्राचे. नाव-गाव छापू नका असे त्यांनी बजावले आहे. त्यांचा मुलगा एका मोठ्या गोदामात माल मोजून नोंदवण्याच्या कामावर आहे. घरात तो, त्याची पत्नी, दोन लहान मुले आणि हे दोघे म्हातारा-म्हातारी. बाईंना साखर आणि रक्तदाब, यजमानांना हृदयाचा त्रास. यजमानांनी सारी हयात ठेकेदारांकडे काढली, त्यामुळे निवृत्तीनंतर हाती आले ते शून्य. मुलाला २०,८०० रुपये पगार होता. १ एप्रिल २०२४ पासून तो २१,४०० झाला. जानेवारी २०२५ मध्ये बाई नेहमीप्रमाणे कामगार विम्याच्या दवाखान्यात औषधे आणायला गेल्या, तेव्हा खिडकीवर सांगितले गेले की तुमचा विमा संपला. बाई लिहितात, "आम्ही तर काही बंद केले नव्हते. उलट मुलाचा पगार वाढला होता."

नेमके तेच कारण होते! राज्य कामगार विमा योजना, जिला आपण सगळे ई.एस.आय. म्हणतो, तिच्यात पगाराची एक वरची मर्यादा असते. जानेवारी २०१७ मध्ये ती महिना २१,००० रुपये झाली. पगार त्यापेक्षा एक रुपयाने जरी वर गेला, तरी कामगार योजनेतून बाहेर पडतो. आणि तो एकटा पडत नाही, त्याच्या नावावर असलेले सारे घर बाहेर पडते.

इथे तारखांचा एक घोळ आहे, तो समजून घ्या, कारण बहुतेक घरांत त्यामुळेच गफलत होते. ई.एस.आय.चे वर्ष दोन सहामाह्यांत मोडलेले आहे. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. वाढ एप्रिलच्या पहिल्या तारखेलाच लागू झाली, तर वर्गणी तिथेच थांबते. तीच वाढ मे-जूनमध्ये लागली असती, तर ३० सप्टेंबरपर्यंत वर्गणी कापली गेली असती आणि नाव राहिले असते. पण वर्गणी थांबली म्हणजे उपचार त्याच दिवशी थांबतात असेही नाही. ऑक्टोबर ते मार्च या सहामाहीत निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर तिचा लाभ पुढच्या जुलै ते डिसेंबरपर्यंत मिळतो. म्हणून या बाईंना डिसेंबरपर्यंत औषधे मिळत राहिली आणि जानेवारीत दार बंद झाले. एप्रिलच्या पेढ्यांचा आणि जानेवारीच्या नकाराचा संबंध त्यांच्या लक्षात येणार तरी कसा? कचेरीने सांगायला हवे होते. ते सांगत नाहीत.

आता हिशेब मांडू. हिशेब मांडल्याशिवाय या गोष्टीतला राग कळत नाही.

२०,८०० रुपये पगारावर मुलाच्या खिशातून महिन्याला १५६ रुपये कापले जात. जुलै २०१९ पासून कामगाराचा वाटा शेकडा पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के आहे. म्हणजे मालक ६७६ रुपये भरत होता. दोघांचे मिळून महिना ८३२ रुपये. त्या ८३२ रुपयांत सहा माणसांचा दवाखाना चालत होता. नुसते इस्पितळ नव्हे, रोजच्या गोळ्यासुद्धा. तपासणी, औषध, गरज पडली तर मोठ्या इस्पितळात पाठवणी, शस्त्रक्रिया, सारे त्यात आले. आजारपणात कामावर जाता आले नाही तर त्या दिवसांचा काही पगारही मिळे.

पगार २१,४०० झाला. वाढ ६०० ची आणि १५६ ची कपात वाचली, म्हणजे बाकीच्या वजावटी तशाच धरल्या तर हातात महिना ७५६ रुपये जास्त. वर्षाचे ९,०७२. आता खर्चाची बाजू पाहा. कंपनीने मुलाला मेडिक्लेम दिला. स्वतः तो, पत्नी आणि दोन मुले यांचा हप्ता कंपनीने भरला, हे चांगले केले. आई-वडिलांना घ्यायचे तर हप्ता तुमचा. दोघांचे २५,००० आणि त्यावर १८ टक्के कर ४,५००, असे २९,५०० रुपये पगारातून कापले गेले. त्यात भर म्हणजे असा मेडिक्लेम इस्पितळात दाखल झाल्यावरच उपयोगी पडतो. रोजच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. बाईंनी कळवल्याप्रमाणे दोघांच्या औषधांना महिना १,८०० लागतात, म्हणजे वर्षाचे २१,६००. हप्ता आणि गोळ्या मिळून ५१,१०० रुपये. वाढीचे ९,०७२ त्यातून वजा केले तरी ४२,०२८ रुपयांचा खड्डा! पगारवाढ मिळालेल्या घरात!

आणि मालकाचे ते महिन्याचे ६७६ रुपये? ते मुलाच्या पगारात आले नाहीत. ते मालकाच्या खात्यात राहिले. त्यांतला काही भाग मेडिक्लेमच्या हप्त्यावर गेला असेल, नाही असे नाही. पण आई-वडिलांचा भार जो आजवर मालक आणि कामगार मिळून उचलत होते, तो एका रात्रीत एकट्या कामगाराच्या पाठीवर आला आणि त्याला नाव दिले गेले 'प्रमोशन'.

हप्ता भरूनही भागले असते तर एकवेळ समजलो असतो. फेब्रुवारीत यजमानांना छातीत कळ आली. जवळच्या खाजगी इस्पितळात नेले, अँजिओप्लास्टी झाली, जीव वाचला हे महत्त्वाचे. बिल झाले १,६२,००० रुपयांचे आणि विमा कंपनीने दिले ९१,२००. बाकीचे ७०,८०० कुठून आणले हे त्यांनी लिहिलेले नाही. पण दोन लाखांचा विमा असताना दीड-पावणेदोन लाखांचे बिल पुरते का भागले नाही, हे त्यांना अजून उमगलेले नाही. कागद त्यांनी पाठवले आहेत. ते पाहून जे कळले ते सांगतो, कारण हे तुमच्याही घरी घडणार आहे.

पॉलिसीत खोलीच्या भाड्याला मर्यादा होती, विम्याच्या रकमेच्या एक टक्का, म्हणजे रोज २,००० रुपये. घाईत जी खोली मिळाली तिचे भाडे ४,००० होते. सामान्य माणूस म्हणेल, ठीक आहे, वरचे दोन हजार आम्ही देऊ. पण हिशेब तसा होत नाही. खोली दुप्पट भाड्याची म्हणून डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह, परिचारिका यांचा खर्चही विमा कंपनी अर्धाच धरते. औषधे, तपासण्या आणि स्टेंटसारख्या वस्तू यांना ही काटछाट लावता येत नाही, एवढी सवलत विमा नियामकाने ठेवली आहे. तेव्हा पाच दिवसांच्या खोलीच्या २०,००० पैकी १०,००० मंजूर झाले. डॉक्टर वगैरेंच्या ६४,००० पैकी ३२,०००. औषधे-स्टेंटच्या ७८,००० मधून हातमोजे आणि किरकोळ सामान म्हणून ६,००० गेले, राहिले ७२,०००. एकूण १,१४,०००. त्यावर आई-वडिलांच्या विम्यात 'को-पे' नावाची २० टक्क्यांची अट होती, म्हणजे पाचवा हिस्सा घरच्यांनी भरायचा. ते २२,८०० वजा झाले आणि हाती आले ९१,२००. चार हजारांची खोली घेतली नसती, दोन हजारांच्या खोलीसाठी थांबून राहिले असते, तर बराच पैसा वाचला असता. पण छातीत कळ आलेल्या माणसाला घेऊन कोण खोल्यांचे दर विचारीत बसेल?

सर्वांत जास्त वाईट मला दुसऱ्याच गोष्टीचे वाटले. १ जुलै २०२४ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना महाराष्ट्रातल्या सर्व कुटुंबांसाठी खुली झालेली आहे. आधी ती मुख्यतः पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेसाठी होती आणि मर्यादा दीड लाखाची होती. आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. हृदयाच्या अशा शस्त्रक्रिया तिच्या यादीत आहेत. योजनेला जोडलेल्या इस्पितळात नेले असते तर तो सारा खर्च तिथेच भागला असता. त्या घराला हे कोणीही सांगितले नाही. कंपनीच्या कचेरीने सांगितले नाही, विमा दलालाने सांगितले नाही. ज्या इस्पितळात नेले ते योजनेत नव्हते, त्यामुळे तिथे तो विषयही निघाला नाही.

ई.एस.आय.ची मी एवढी बाजू घेतो आहे म्हणून काही वाचक मनात हसत असतील. हसू द्या. त्या दवाखान्यांची दशा मला ठाऊक आहे. पहाटेपासूनची रांग, डॉक्टर रजेवर, 'ही गोळी संपली, पुढच्या आठवड्यात या', मोठ्या इस्पितळात पाठवण्याच्या चिठ्ठीसाठी तीन-तीन हेलपाटे. डिसेंबर २०१८ मध्ये अंधेरीच्या कामगार इस्पितळाला आग लागून माणसे गेली, ते कुणी विसरलेले नाही. यामुळे आपल्या तरुणांत एक समजूत पसरली आहे की ई.एस.आय. म्हणजे गरिबांचे, आणि "माझी ई.एस.आय. कापत नाहीत, मला मेडिक्लेम आहे" हे सांगताना छाती फुगते. लग्न जुळवतानाही ही गोष्ट सांगितली जाते म्हणे! मला त्यांची चेष्टा करायची नाही. वातानुकूलित इस्पितळाचे कार्ड खिशात असणे यालाही काही किंमत आहे. पण ते कार्ड कोणाकोणाला चालते, किती चालते आणि नोकरी सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी चालते का, हे विचारल्याशिवाय छाती फुगवू नये.

काही कचेऱ्या याच समजुतीचा फायदा घेतात. नव्या मुलाला मुद्दाम २१,१०० किंवा २१,५०० वर घेतात. मुलगा खूष, मालकाचा सव्वातीन टक्के वाचला. ठेकेदारांची तऱ्हा आणखी वेगळी. वर्गणी कापायची आणि भरायचीच नाही. आपला विमा क्रमांक घेऊन ई.एस.आय.च्या शाखा कार्यालयात गेले तर वर्गणी जमा होते की नाही ते कळते. वर्षातून दोनदा तरी पाहावे.

मेडिक्लेमचा हप्ता भरताना घरात जो निर्णय होतो त्याविषयी भगिनींना दोन शब्द. दोघा वृद्धांचा हप्ता झेपत नाही, मग एकाचाच भरू, असे पुष्कळ घरांत ठरते. तो एक कोण असतो? जवळजवळ नेहमीच वडील. आई म्हणते, "मला काय धाड भरली आहे? यांचे नाव घाला." तिची साखर तपासलेली नसते म्हणून ती निरोगी ठरते. ई.एस.आय.मध्ये हा प्रश्न उद्भवतच नव्हता. कामगारावर अवलंबून असलेले आई-वडील दोघेही एकाच वर्गणीत येत. घरातल्या बाईला स्वतःचे नाव मागे घेण्याची संधीच ती योजना देत नव्हती, हा तिचा मोठा गुण मी मानतो.

दवाखाना पगाराला आणि नोकरीला बांधला की असे होणारच. १९८२ च्या गिरणी संपात अडीच लाख कामगारांचे काम थांबले तेव्हा नुसती चूल विझली नाही. काम नाही म्हणून वर्गणी नाही आणि वर्गणी नाही म्हणून काही महिन्यांनी दवाखानाही नाही. माणसाला औषधाची जास्तीत जास्त गरज असते ती हातात पैसा नसतो तेव्हा, आणि नेमके तेव्हाच नाव कटते. मेडिक्लेमचे तर त्याहून कडक. नोकरीचा शेवटचा दिवस तोच सहसा विम्याचाही शेवटचा दिवस.

मग हा भार उचलायचा कोणी? हा प्रश्न नवा नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात गिरण्यांतल्या स्त्रियांना बाळंतपणाच्या रजेत आर्थिक लाभ देणारे विधेयक आले, तेव्हा त्याला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी हाच मुद्दा काढला होता. लोकांचे कल्याण राखणे हे मुळात सरकारचे काम आहे, तेव्हा या खर्चाचा मोठा भार सरकारनेच उचलायला हवा, असे त्यांचे म्हणणे होते. मात्र सरकार तो उचलत नाही म्हणून मालकाला मोकळे सोडायलाही ते तयार नव्हते. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळात, १९४३ मध्ये, प्रा. बी. पी. आडारकर यांच्यावर कारखान्यातल्या कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम सोपवले गेले आणि १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. १९४८ चा ई.एस.आय. कायदा त्या अहवालातून उभा राहिला. कायदा झाला तेव्हा मजूर खाते जगजीवनराम यांच्याकडे होते. प्रत्यक्ष योजना १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली. त्या वेळी पगाराची मर्यादा ४०० रुपये होती आणि औषधोपचार फक्त कामगारालाच होता. बायको-मुलांना तो पुढे, १९५८ पासून, टप्प्याटप्प्याने मिळाला. म्हणजे कुटुंबाला आत यायला दहा वर्षे लागली, आणि बाहेर जायला आज सहाशे रुपये पुरतात!

मर्यादा वाढत गेली हे खरे. १९९७ मध्ये ६,५००, २००४ मध्ये ७,५००, २००६ मध्ये १०,०००, २०१० मध्ये १५,००० आणि २०१७ मध्ये २१,०००. पण ती वाढते सरकारच्या लहरीप्रमाणे. महागाई भत्त्याला निर्देशांक असतो, तसा या मर्यादेला नाही. २०१७ मध्ये २१,००० रुपये मिळवणारा जरा बऱ्या स्थितीतला मानला जाई. आज मुंबई-ठाण्यात त्या पगारावर भाड्याची खोली आणि मुलांची शाळा यांचा मेळ बसत नाही. तरीही ई.एस.आय.च्या लेखी तो 'आता याला आपली गरज नाही' असा माणूस. माझ्या मते मर्यादा महागाईबरोबर आपोआप सरकली पाहिजे. आणि मर्यादा ओलांडणाऱ्याला, स्वतःचा आणि मालकाचा असे दोन्ही वाटे भरून का होईना, आत राहण्याची मुभा हवी. ८५० रुपये महिना भरायला पत्रातली बाई आनंदाने तयार झाली असती.

त्यांनी पत्राच्या शेवटी जे विचारले आहे ते वाचून मी बराच वेळ थांबलो. त्या विचारतात, "मुलाने साहेबांना सांगून सहाशे रुपये परत दिले तर दवाखाना पुन्हा मिळेल का?" स्वतंत्र भारतात एक आई मुलाची पगारवाढ परत करायला निघाली आहे! ताई, तसे करू नका. आज परत केली तरी पुढच्या वर्षी तोच प्रश्न उभा राहील, आणि मुलाचा भविष्यनिर्वाह निधी, बोनस, पुढची नोकरी सारे या आकड्यावरच ठरते. त्याऐवजी काय करता येईल ते सांगतो.

पहिले काम फुले योजनेचे. शिधापत्रिका आणि आधार घेऊन आपल्या भागातले कोणते इस्पितळ योजनेत आहे, हे आजारी पडण्याआधी जाऊन पाहून या. तिथे 'आरोग्यमित्र' बसतो, त्याच्याकडे चौकशी करा. इस्पितळाचे नाव भिंतीवर लिहून ठेवा, म्हणजे रात्री-अपरात्री रिक्षा कुठे न्यायची हे नातवालाही कळेल. घरात कोणी सत्तरी ओलांडलेले असेल तर त्यांच्यासाठी आणखी एक दार आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि त्यापुढच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांचे संरक्षण आहे. त्याचे वेगळे कार्ड काढावे लागते. खाजगी मेडिक्लेम असला तरी ते मिळते. रोजच्या गोळ्या मात्र या दोन्हींतही नाहीत. त्यासाठी डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहायला सांगा आणि जनऔषधी केंद्रात विचारा. साखर, रक्तदाबाची तीच औषधे तिथे पुष्कळ स्वस्त मिळतात.

दुसरे, कंपनीच्या मेडिक्लेममध्येच आई-वडिलांना ठेवायचे की त्यांची स्वतंत्र पॉलिसी काढायची, हा हिशेब नव्याने करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के कर काढून टाकला गेला, पण कंपनीमार्फत घेतलेल्या सामूहिक विम्यावर तो राहिला. म्हणजे २५,००० च्या हप्त्यावर ४,५०० चा फरक. शिवाय वैयक्तिक पॉलिसी नोकरीबरोबर जात नाही. तिची अडचण अशी, की आधीपासूनच्या आजारांना ती ताबडतोब संरक्षण देत नाही. २०२४ च्या नियमांप्रमाणे हा थांबण्याचा काळ जास्तीत जास्त तीन वर्षे असू शकतो. पत्रातल्या कुटुंबाने म्हणूनच कंपनीचा विमा लगेच सोडू नये. पण ज्यांचे आई-वडील पन्नाशीत आहेत आणि अजून धडधाकट आहेत, त्यांनी ते साठीला येण्याची वाट पाहू नये. नोकरी सोडताना सामूहिक विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची मागणी करता येते आणि थांबून काढलेला काळ जमेस धरला जातो. अर्ज मात्र नोकरीच्या शेवटच्या दिवसाआधी करायचा.

पॉलिसी घेताना कचेरीत तोंड उघडून विचारायच्या गोष्टी फार नाहीत. खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे का, असल्यास रोज किती? आई-वडिलांना को-पे किती? बाळंतपणाला किती? जवळचे कोणते इस्पितळ रोख न भरता चालते? उत्तर लेखी मागा. 'ॲपवर सगळे आहे' असे सांगतील. ॲपवर असते, पण आपल्याला हवे ते सापडत नाही. युनियन असेल तिथे पगारवाढीच्या करारातच आई-वडिलांच्या हप्त्याचा अर्धा वाटा मालकाकडून मागून घ्यावा. आजवर आपण महागाई भत्त्यावर भांडलो, यावरही भांडता येईल.

जे अजून ई.एस.आय.मध्ये आहेत आणि निवृत्तीला आले आहेत त्यांच्यासाठी. विमा असलेल्या नोकरीत निदान पाच वर्षे काढून वयोमानाप्रमाणे निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःचा आणि पत्नीचा औषधोपचार चालू ठेवता येतो. महिन्याला दहा रुपये! माहीत नसल्यामुळे कितीतरी लोक हा हक्क सोडून देतात.

आणि शेवटी एक नवी गोष्ट, जी या ताईंच्या कामाची ठरू शकेल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९४८ चा कायदा तिच्यात सामावला गेला. पगाराची मर्यादा ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडेच आहे, पण 'पगार' कशाला म्हणायचे याची व्याख्या बदलली आहे. पूर्वी घरभाडे भत्ताही या २१,००० च्या मोजमापात धरला जाई. संहितेच्या व्याख्येत घरभाडे, प्रवास, ओव्हरटाइम असे भत्ते पगारात मोडत नाहीत. हे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर फक्त निम्म्यावरचा भाग पगारात मिळवायचा. समजा मुलाला आज सारे मिळून २३,००० मिळतात आणि त्यांत घरभाडे व प्रवासाचे ७,००० आहेत, तर या व्याख्येने त्याचा पगार १६,००० ठरतो. असे काही कामगार पुन्हा योजनेत येऊ शकतात. संहितेच्या 'कुटुंबा'त नोकरदार स्त्रीच्या अवलंबून असलेल्या सासू-सासऱ्यांचाही समावेश आहे. म्हणजे घरात सून नोकरीला असेल, तर तिच्या विम्यावरही हे दोघे जाऊ शकतील. ताईंच्या मुलाने पगाराची स्लिप घेऊन आधी कचेरीत आणि तिथे टोलवाटोलवी झाली तर थेट ई.एस.आय.च्या शाखा कार्यालयात जावे. आपण या व्याख्येत बसतो का, हे लेखी अर्ज देऊन विचारावे आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्यावा.